नवल भथेनांचे पाच हजार

1917 साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाबासाहेबांना हाकलले, हे आपल्या घरातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांच्या सोबत राहिलेले नवल भथेना हेही पारशीच होते, हे सांगायचे आपण विसरतो.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धे राहिले होते. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून बाबासाहेबांनी पैसा साठवला. शाहू महाराजांनी 1,500 रुपये दिले. तरी पुरेना. तेव्हा भथेनांनी 5,000 रुपये उसने दिले. 1920 साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, 1923 मध्ये डी.एस्सी. झाले.

परवा आमच्या धाकटीने विचारले, "नर्सिंगच्या फीला पैसे कमी पडतात, मैत्रिणीची आई देते म्हणते. घेऊ का?" "त्यांच्या दारात हात पसरायचा नाही!" आम्ही ताडकन बोललो. कधीकाळी अशाच एका दारात आम्हाला वेगळा कप मिळाला होता. पोर काही बोलली नाही, जेवलीही नाही.

रात्री झोप कसली लागते! सकाळी आम्हीच त्या घरी गेलो. चहा आला, घरच्यांच्याच कपात. महिना पाचशेचा हप्ता ठरला.