गाडी उभी, पण बॅटरी उतरते

कबनूर हे इचलकरंजीला खेटलेले यंत्रमागांचे गाव. येथे सकाळी कापडाचा टेंपो निघाला नाही, की दिवसाचा धंदा बुडालाच. रात्री गाडी धडधाकट उभी केली, आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसती टिकटिक! बॅटरी नवी, आल्टरनेटर ठीक. मग कोणीतरी सांगतो, "ईसीएम गेला, बदला." हजारोंचा भाग तो! खिशात हात घालण्याआधी थोडे तपासू या.

ईसीएम म्हणजे इंजिनात डिझेल किती व केव्हा सोडायचे हे ठरवणारा लहानसा संगणक. चावी काढली तरी तो लगेच निजत नाही; आपल्या नोंदी ठेवतो, मग मुख्य रिले सोडतो. निजलेल्या गाडीने सर्वसाधारणपणे 50 मिलिअँपिअरच्या आतच वीज घ्यावी. म्हणजे दिवसाला फार तर 1.2 अँपिअर-तास. तेच 2 अँपिअर जात असतील, तर बारा तासांत 24. साठाच्या बॅटरीतले एका रात्रीत चाळीस टक्के गेले! शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे.

आता मापायचे कसे? मल्टीमीटर दहा अँपिअरवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरे तिच्या वायरीला लावा, आणि मगच वायर सोडवा. प्रवाह क्षणभरही तुटता कामा नये. तुटला, तर चिकटलेला रिले कधीकधी आपोआप सुटतो, आणि चोर हातचा निसटतो. मीटर जोडलेले असता सेल्फ मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल. दारे लावून अर्धा तास थांबा. घाई करणाऱ्याला जागी गाडीच दिसते.

आकडा मोठाच राहिला, तर एकेक फ्यूज काढा. बाहेरून बसवलेला टेप पुष्कळदा येथेच सापडतो. ईसीएमचा फ्यूज काढल्यावर आकडा पडला, तरी ईसीएमला दोष देऊ नका. आधी त्याचा मुख्य रिले बदलून पाहा. मग बॅटरी सोडवून ईसीएमचा कपलर उघडा. पावसाचे पाणी, हिरवट गंज दिसला तर पुसून, वाळवून पुन्हा मापा. चावी काढल्यावरही चावीच्या वायरीत वीज येते का, तेही बघा; येत असेल तर बिचारा ईसीएम निजणार कसा?

एवढे करूनही संशय त्याच्यावरच राहिला, तर मीटरचे सगळे आकडे कागदावर लिहून मगच कारागिराकडे जा.