तापात काढलेला रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा?

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापून आला की मीही तुमच्यासारखाच आधी गूगल उघडतो. म्हणून आजचा प्रश्न: इन्फेक्शन, मोठी जखम किंवा ऑपरेशन झालं की रक्तातली प्रथिनं वरखाली का होतात?

सगळा खेळ लिव्हरचा. जिथे सूज आहे तिथल्या पेशी रक्तात निरोप सोडतात. त्यातला मुख्य म्हणजे इंटरल्यूकिन-६. तो पोचला की लिव्हर काही प्रथिनं जास्त बनवतं, काही कमी. सर्व्हरवर लोड आला की आपण नाही का महत्त्वाच्या कामांना आधी जागा देत, तसंच.

वाढणाऱ्यांत सीआरपी पहिलं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. ते ६ ते ८ तासांत वाढायला लागतं, साधारण ४८ तासांत टोक गाठतं, आणि मूळ कारण मिटलं की दर १९ तासांनी जवळपास निम्मं होतं. म्हणून औषध लागू पडतंय का, हे बघायला ते उपयोगी.

फायब्रिनोजेन मात्र सावकाश चढतं, सावकाश उतरतं. ते वाढलं की लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि लवकर खाली बसतात. हाच ईएसआर. म्हणून ताप गेल्यावरही तो बरेच दिवस जास्त दिसतो.

अल्ब्युमिन आणि ट्रान्सफेरिन उलट कमी होतात. तेव्हा तापात अल्ब्युमिन घटलं म्हणून लगेच प्रोटीन पावडरचा डबा आणू नका!

खरी गोची फेरिटिनची. ते शरीरातला लोहाचा साठा दाखवतं, पण सूज असली की स्वतःच वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार निरोगी प्रौढांत १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी म्हणजे लोहाची कमतरता; इन्फेक्शन किंवा सूज असताना हीच मर्यादा ७०. म्हणजे तापात फेरिटिन ४० आलं, तर रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणेल आणि लोहाची कमतरता तशीच लपून राहील. सतत थकवा असणाऱ्या मुलींनी हे नक्की लक्षात ठेवा.

मग करायचं काय? डॉक्टरांना सांगा, "रक्त दिलं तेव्हा मला ताप होता." सोबत सीआरपी करायचं की बरं झाल्यावर फेरिटिन पुन्हा तपासायचं, ते ठरवतील.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!