औषधाची दुसरी बाजू – भाग ६ : साठचे आठ होतात तेव्हा

मागच्या आठवड्यात मूत्रपिंडाबद्दल बोललो. मूत्रपिंडाची एक सोय असते. ते बिघडू लागलं की रक्तात क्रिएटिनिन वाढतं, आणि तो आकडा पाहिल्याशिवाय केमोचा पुढचा डोस सहसा लिहिला जात नाही. कानाची खबर रक्तात उतरत नाही. ती मुद्दाम काढावी लागते.

बऱ्याचदा ती अशी काढली जाते : राउंडवरचे डॉक्टर पलंगाशी उभे राहून मोठ्याने विचारतात, “काका, ऐकू येतंय ना?” काका मान हलवतात. काकांना खरंच ऐकू येत असतं, कारण केमोतलं सिस्प्लाटिन किंवा अमिकासिनसारखं प्रतिजैविक आधी बोलण्याच्या आवाजाला हात लावत नाही. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्या बुडाशी सगळ्यात बारीक, तीव्र स्वर टिपणाऱ्या केशपेशी असतात आणि पहिला घाव त्यांच्यावर पडतो. एका कानात बाहेरच्या केशपेशी जेमतेम बारा हजार. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. नुकसान खालच्या स्वरांकडे सरकत येतं, तसे ‘स’, ‘श’ विरू लागतात आणि बाजारात साठ रुपयांचे आठ रुपये ऐकू येतात. एव्हाना बराच उशीर झालेला असतो.

म्हणून अमेरिकेतल्या वाक्-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ सालीच निकष घालून दिले : उपचार सुरू होतानाच एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढून ठेवायचा, पुढचे त्याच्याशी ताडून पाहायचे. एखाद्या स्वराला २० डेसिबलची किंवा शेजारच्या दोन स्वरांना १० डेसिबलची घसरण दिसली आणि फेरतपासणीतही टिकली, तर औषध कानाला बाधतंय असं धरायचं. नेहमीची ऑडिओमेट्री ८,००० हर्ट्झपर्यंत थांबते, त्यामुळे शक्य तिथे त्याच्याही वरचे स्वर तपासायचे. पहिलाच ऑडिओग्राम नसेल तर पुढच्यांना फारसा अर्थ उरत नाही. साठीच्या माणसाचे वरचे स्वर वयानेही गेलेले असू शकतात.

हे सगळं कॅन्सरतज्ज्ञांना ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न वेगळा आहे : घसरण दिसली, तर मी काय करू? अंडाशयाच्या कर्करोगात सिस्प्लाटिनऐवजी कार्बोप्लाटिन देता येतं. वृषणाच्या कर्करोगात ते कमी पडतं. डोस हलका करावा, तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा २०१८चा अभ्यास समोर येतो. डोक्या-मानेच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर दर आठवड्याला लहान डोस दिला, तेव्हा दोन वर्षांनी ५८.५ टक्के रुग्णांमध्ये त्या जागचा आजार आटोक्यात होता. तीन आठवड्यांनी मोठा डोस मिळालेल्या गटात ७३.१ टक्के. तीव्र दुष्परिणाम मात्र मोठ्या डोसच्या गटात जास्त. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसासमोर हे आकडे ठेवले, तर बहुतेक जण मोठा डोस मागतील, आणि मला ते चूक वाटत नाही.

पण ‘करण्यासारखं काही नाही, मग तपासा कशाला’ हे मला पटत नाही. घसरण आधी कळली तर कानाचं यंत्र वेळेत देता येतं, घरच्यांना समोर येऊन बोलायला सांगता येतं, लघवी वाढवणारं, पण कानालाही बाधू शकणारं फ्युरोसेमाइड शिरेतून देण्याआधी डॉक्टर थबकतात. शिवाय ‘करण्यासारखं काही नाही’ हे वाक्य कायमचं नसतं. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात वर्षानुवर्षं हेच ऐकवलं गेलं. कित्येक महिने कॅनामायसिनची सुई, आणि बरे झालेल्यांपैकी काही जण कायमचे बहिरे. २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती सुई या उपचारातून काढायला सांगितली, कारण तोवर बेडाक्विलिनसारख्या गोळ्या हातात आल्या होत्या. पर्याय आला की कालपर्यंत फाइलमध्ये पडून असलेला ऑडिओग्राम एकदम निर्णयाचा कागद होतो.

लहान मुलांत हे आणखी तीव्र, कारण दोन वर्षांचं मूल भाषाच कानाने शिकत असतं. यकृताच्या एका गाठीसाठी सिस्प्लाटिन घेणाऱ्या मुलांना प्रत्येक डोसनंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं, तेव्हा श्रवणदोषाचं प्रमाण ६३ वरून ३३ टक्क्यांवर आलं. २०२२मध्ये अमेरिकेने गाठ पसरलेली नसलेल्या मुलांसाठी या औषधाला मान्यता दिली.

नवजात अर्भकांची गोष्ट याहून निराळी. जंतुसंसर्गाची शंका आली की जेंटामायसिन तासाभरात द्यावं लागतं, ऑडिओग्रामला वेळ कुठला? काही बाळांना आईकडून एक जनुकीय बदल आलेला असतो आणि त्यांचा कान एखाद-दुसऱ्या डोसनेही जाऊ शकतो. मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून २६ मिनिटांत उत्तर देणारी चाचणी बाळाच्या पलंगाशीच वापरून पाहिली. तीन बाळांत तो बदल सापडला. त्यांना दुसरं प्रतिजैविक दिलं गेलं.