सायकलीचा मागील शॉक बदलतांना

घरांतील तरुण मंडळींच्या हौशींचा जमाखर्च शेवटीं वडील माणसांपर्यंत येतोच. गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या नातवाच्या डोंगरी सायकलीच्या मागील शॉकॲब्सॉर्बरमधून तेल पाझरूं लागलें आणि उतरणीवर मागचें चाक उसळूं लागलें. दांड्यावर खोल ओरखडे असल्यामुळें केवळ सील बदलून भागण्याजोगें नव्हतें. नवा शॉक घेणें प्राप्त झालें. दुकानदारानें सुचविलें, "याहून मोठ्या स्ट्रोकचा घ्या, त्याच बोल्टांवर बसतो." नातू हरखला. पैसे आमचे जावयाचे होते आणि हाडेंही आमच्याच घरचीं मोडावयाचीं होतीं. म्हणून आम्हीं आधीं कागद-पेन्सिल हातीं घेतली.

शॉकची ओळख दोन मापांनीं होते. दोन्ही टोंकांच्या बोल्टांच्या भोंकांमधील मध्यापासून मध्यापर्यंतचें अंतर ही त्याची लांबी. आणि दांडा आंत जातो तें अंतर हा त्याचा स्ट्रोक. आमच्या शॉकचें माप 210 × 50 मिलिमीटर होतें. हीं मेट्रिक मापें 2016 पासून रूढ झालीं. त्यापूर्वींच्या सायकलींस इंची हिशेबाचे, उदाहरणार्थ 200 × 57 चे, शॉक लागतात. कांहीं शॉकचें एक टोंक दोन्ही बाजूंनीं बोल्टांनीं धरलेलें असतें. त्यांस ट्रनियन म्हणतात व त्यांची लांबी 25 मिलिमीटरनें कमी असते. हे प्रकार एकमेकांच्या जागीं बसत नाहींत.

दुकानदाराचा शॉक 210 × 55 चा होता. भोंकें जुळत होतीं, हें खरें. परंतु 50 मिलिमीटर स्ट्रोकवर या सायकलीचें मागचें चाक 130 मिलिमीटर वर येतें. म्हणजे प्रमाण 2.6. त्याच प्रमाणानें 55 वर चाक सुमारें 143 मिलिमीटर वर येणार. वरच्या तेरा मिलिमीटरांस जागा कोठें आहे? आमच्या आग्रहावरून दुकानांतच शॉक हवा न भरतां बसवून पूर्ण दाबला, तों टायर सीटखालच्या नळीस घासला. भर उतारावर असें झालें असतें तर? चौकटीच्या निर्मात्यानें मोठ्या स्ट्रोकची मुभा स्पष्ट लिहिली असेल तरच तो मार्ग धरावा.

दुसरा प्रश्न हवेचा कीं स्प्रिंगचा. स्प्रिंग स्वाराच्या वजनाप्रमाणें निवडावी लागते. वजन बदललें कीं स्प्रिंगही बदलावी लागते. हवेच्या शॉकचा दाब खास पंपानें कमी-अधिक करतां येतो. वाढत्या वयाच्या मुलास तोच सोयीचा. स्वार नुसता बसला असतां स्ट्रोकचा सुमारें पंचवीस ते तीस टक्के भाग दबावा. 50 मिलिमीटरांत तो 12.5 ते 15 होतो. दांड्यावरील रबरी कडें सरकून हें माप आपोआप दाखवितें. याखेरीज बुशिंगची रुंदी, बोल्टची जाडी व शॉकला जोडलेली तेलाची टाकी चौकटीस लागते कीं काय, हेंही पाहावें.

व्याकरणांत एका वर्णाच्या जागीं दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात, आणि अनेक आदेश संभवत असतां मूळच्याशीं सर्वांत जवळचा घ्यावा, असा पाणिनीचा दंडक आहे. आम्हीं नातवास तोच सांगितला. तो दोन दिवस रुसून होता. मग 210 × 50 चाच शॉक आला, आणि पहिल्या रविवारीं त्यानें निघण्यापूर्वीं रबरी कडें आम्हांकडून मोजवून घेतलें. तेरा मिलिमीटर भरले.