मांदाईंचा द्राबशा

दक्षिण इराक आणि इराणच्या खुझेस्तानातले मांदाई लोक योहान बाप्तिस्ताला थोर गुरू मानतात. वाहत्या पाण्यातल्या स्नानविधीला नदीकाठी त्यांचा द्राबशा उभा राहतो: काठ्यांची फुली, तिच्यावर पांढरं रेशमी वस्त्र, सोबत मर्टलच्या सुगंधी डहाळ्या. हा ख्रिस्ती क्रूस नव्हे. आडवी काठी वस्त्र पेलण्यासाठी असते आणि शुभ्र वस्त्र प्रकाशाचं प्रतीक. श्रद्धेनुसार या ध्वजाचं मूळ प्रकाशलोकात आहे. त्याची स्तोत्रं ‘कोलास्ता’ या प्रार्थनाग्रंथात आहेत. नाव मात्र प्राचीन इराणी भाषेतून आलं. ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यातल्या कावे लोहाराच्या ध्वजाला ‘दरफ्श’ म्हणतात, तोच हा शब्द. म्हणून द्राबशाला निव्वळ ख्रिस्ती उसनवारी ठरवणं मला चुकीचं वाटतं. 2003 च्या युद्धानंतर असंख्य मांदाईंनी इराक सोडला. आज ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनमध्येही हा ध्वज उभारला जातो.