स्वीडनचं वार्तापत्र : फायलीबाहेरचा दिवस

उप्साला, ऑक्टोबर

स्वीडनमधल्या कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत योहानसन किंवा लिंडबर्ग अशा आडनावाचा एखादा माणूस भेटतो आणि त्याचा चेहरा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर सहज खपून जाईल असा असतो. नवा आलेला मराठी माणूस उत्साहाने हिंदीत सुरुवात करतो. समोरून उत्तर स्वीडिशमध्ये येतं, तेही खास इथल्या गावाकडच्या हेलात. एक कोटीहून थोड्या अधिक वस्तीच्या या देशात गेल्या सत्तरएक वर्षांत परदेशांतून सुमारे साठ हजार मुलं दत्तक आली. दक्षिण कोरिया, भारत, कोलंबिया, श्रीलंका, चीन ही त्यातली मोठी नावं.

हा विषय इथे पुन्हा तापला तो २ जून २०२५ रोजी. उप्साला विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक आना सिंगर यांनी सरकारला अहवाल दिला. अनेक दशकं गैरप्रकार होत होते, अनेकांची कागदपत्रं अपुरी किंवा खोटी होती, सरकारने माफी मागावी आणि परदेशी दत्तक थांबवावं, असा त्याचा सारांश. डेन्मार्कमधली परदेशी दत्तक हाताळणारी एकमेव संस्था २०२४च्या जानेवारीतच काम गुंडाळायला लागली होती. नेदरलँड्सने त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने दार लावायचं ठरवलं.

इथल्या मित्रमंडळींत एक जोडपं आहे. त्यांची मुलगी ठाणे जिल्ह्यातल्या एका संस्थेतून आली, तेव्हा चार वर्षांची होती. नावं देत नाही. माझं माहेर ठाण्यातल्या बाळकुमचं, म्हणून ती दोघं भारतात आली तेव्हा माझ्या मावसभावाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहिली आणि मीही त्या सुमारास माहेरी होते.

तिथवर पोहोचायलाच त्यांना काही वर्षं लागली होती. स्वीडनमध्ये दत्तक घेणाऱ्याला आधी सक्तीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मग नगरपालिकेची समाजसेविका घरी येऊन पगारापासून बालपणापर्यंत सगळं विचारते आणि नगरपालिकेची समिती परवानगी देते. मूल घरी आल्यावर जन्मदात्या पालकांइतकीच, म्हणजे दोघांत मिळून ४८० दिवसांची भरपगारी नसली तरी भत्त्याची रजा मिळते. भारताच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यातल्या निकालाने चौकट घातली, २००३मध्ये आपण परदेशी दत्तकाविषयीचा हेग करार स्वीकारला आणि आता सगळा कारभार ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेमार्फत चालतो. २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. देशातल्या पालकांना पहिला मान आहे. २०२४-२५मध्ये दत्तक गेलेल्या ४,५१५ मुलांपैकी ४,१५५ भारतातच राहिली. परदेशी जातात ती बहुतेक मोठी झालेली, भावंडांची जोडी असलेली किंवा काही दुखणं असलेली, आपल्याकडे ज्यांना कोणी ‘हो’ म्हटलं नाही अशी मुलं.

तर या दोघांच्या हातात फाइल जाडजूड होती. वजन, उंची, रक्तगट, लसी, डोळ्यांची तपासणी. ती झोपते कशी, जेवते कशी, याबद्दल दोन ओळी. मूल ताब्यात मिळाल्यावर पासपोर्ट आणि इतर कागदांसाठी थांबावं लागलं, तो काळ त्यांनी बाळकुममध्ये काढला.

बाळकुम म्हणजे एकीकडे आमचं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव आणि त्याच्या डोक्यावर चढलेले टॉवर. नाक्यावर मेट्रोचे खांब, खाली सकाळी टोपली घेऊन बसलेल्या मासेवाल्या. संस्थेतल्या ताईंना भेटायला ती दोघं मुलीला घेऊन डोंबिवलीकडे जात. माणकोलीचा नवा पूल झाल्यामुळे तो रस्ता आता सोपा झाला आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी मुलीपुढे ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या आणि चमचा ठेवला. स्वीडनमध्ये वर्षाचं मूलही स्वतःच्या हाताने खातं, आईवडील मध्ये पडत नाहीत. मुलगी तोंड मिटून बसून राहिली. शेजारच्या मावशींनी दारातून पाहिलं आणि वरण-भात आणला. ‘कालवून दे गो, तुपाचा हात लाव,’ एवढंच म्हणाल्या. मुलगी संस्थेत रांगेत बसून जेवत होती. मऊ भात, पातळ वरण, संध्याकाळी खिचडी, सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. चार वर्षांच्या मुलीला चहा, हे ऐकून स्वीडिश बाप दचकला. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच दुकानातून पार्ले-जीचा पुडा आणला.

खरी अडचण वेगळीच होती. त्यांना प्रशिक्षणात बजावलं होतं की सुरुवातीचे महिने मुलाला फक्त आईबापांनीच भरवायचं, म्हणजे आपलं माणूस कोणतं ते त्याला कळतं. आणि बाळकुममध्ये तर मजल्यावरची प्रत्येक बाई एकेक काऊचा-चिऊचा घास भरवायला टपलेली! नाही म्हणावं तर लोक दुखावणार. मावशींनी तोडगा काढला. भात त्या कालवायच्या, चव बघायच्या आणि ताटली आईच्या हातात द्यायच्या. चार दिवसांनी कालवायचं कामही आईकडे आलं. गोऱ्या बोटांना वरणाचा चटका बसायचा, बायका हसायच्या. पण मुलगी त्या हातून जेवायला लागली होती.

रात्रीचंही तसंच. स्वीडिश पद्धतीने वेगळी खोली, काळोख, शांतता. ती रडायची. ताईंना विचारल्यावर कळलं की ती मोठ्या खोलीत सगळ्या मुलांबरोबर, पंख्याच्या आवाजात, दिवा लावून झोपायची. मग तिघंही जमिनीवर गाद्या टाकून झोपू लागली. त्या आईने वहीत सगळं उतरवलं : बादलीतलं पाणी किती कोमट, तेल कुठल्या वेळी, ‘चल’ आणि ‘थांब’ कसं म्हणायचं.

बाजारात लोकांनी विचारलंच, ‘हिची खरी आई कुठंय?’ मुलीला मराठी समजत होतं, हे विचारणाऱ्याच्या लक्षातही आलं नाही.

आता ती इथे शाळेत जाते. मराठी काही महिन्यांतच ओसरली. या वयाच्या मुलांचं असंच होतं. शाळेत सगळ्या मुलांना फुकट जेवण आहे आणि तिला तिथले पॅनकेक वरण-भातापेक्षा आवडतात. तरी दर रविवारी घरी तूरडाळ शिजते. तिने नाक मुरडलं की बाप स्वतः खातो. मी एकदा त्याला विचारलं, कशाला एवढा अट्टहास? तो म्हणाला, ‘तिला आज नको असेल. पण ती विसाव्या वर्षी विचारेल तेव्हा सांगणारं कोणीतरी घरात असायला हवं.’

या उत्तराचं वजन इथल्या मागच्या पिढीकडे पाहिलं की कळतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बरीच मुलं सोबत्याबरोबर विमानाने आली आणि आईबापांनी त्यांना थेट विमानतळावर उचलून घेतलं. त्या आईबापांनी भारत पाहिलाच नव्हता. आज पन्नाशीला आलेल्या त्या मुलांकडे फाइलही धड नाही आणि फायलीबाहेरचं सांगणारंही कोणी नाही. ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९मध्ये पुण्यात जन्मली, ससून रुग्णालयाजवळच्या ‘श्रीवत्स’ या अनाथाश्रमातून दत्तक गेली आणि मोठेपणी तिथे जाऊन आली. तिच्या घरात निदान वडील भारतीय होते. आपल्या नियमांनुसार अठरा वर्षांनंतर दत्तक मूल स्वतः अर्ज करून मुळांचा शोध घेऊ शकतं, पण जन्मदात्या आईची गुप्तता सांभाळली जाते. त्यामुळे बहुतेकांच्या हाती नाव लागत नाही. लागलंच तर गाव, इमारत आणि तिथली माणसं.

स्वीडनने दार बंद केलं तरी ही माणसं येत राहतील, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त. ठाणे, डोंबिवली, पुणे, पंढरपूर, कुठेही. कोणी स्वीडिश नावाचा, आपल्यासारख्या चेहऱ्याचा पाहुणा तुमच्या दारी आला तर पुरणपोळीचा घाट घालू नका आणि खऱ्या आईची चौकशी करू नका. घरात जे शिजलं असेल ते वाढा आणि लहान मुलांना आपण ते कसं भरवतो, तेही दाखवा.