बंगल्यातली माणसं आपली कधी झाली?

फेब्रुवारी १८१३मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायच्या तयारीत होतं. त्यांच्याच तुकडीतल्या हॅरिएट न्यूएलला तर हिंदुस्थानात थाराच मिळाला नाही. कलकत्त्याहून बाहेर काढल्यावर मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच तिचं बाळ गेलं आणि नोव्हेंबर १८१२मध्ये तीही गेली. वय अवघं १९. हॉल मात्र टिकला. तेरा वर्षांनी, मार्च १८२६मध्ये, नाशिककडून परतताना त्याला पटकीनं गाठलं आणि वाटेतल्या एका देवळात त्यानं प्राण सोडला. बायको मुलांना घेऊन आधीच अमेरिकेला निघून गेली होती.

अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास आपण शाळा, दवाखाने आणि १८४२ साली निघालेला ‘ज्ञानोदय’ यांवरून सांगतो. कामाचा हिशेब चोख ठेवला गेला आहे. मिशनच्या बंगल्यांत राहणाऱ्या आया आणि मुलं इथे रुजली का, रुजली तर कुणाच्या हातानं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. मी नगरच्या मिशन कंपाउंडच्या सावलीत वाढलो, म्हणून मला ते विचारावंसं वाटतं.

अशाच एका मिशनरी घरातल्या रॉबर्ट ॲलन ह्यूमचा जन्म १८४७चा, भायखळ्याचा. १८५४ साली कुटुंब अमेरिकेला निघालं आणि वडील समुद्रातच वारले. सात वर्षांचं ते पोर आईबरोबर एका अशा गावी जाऊन पोहोचलं, ज्याला सगळे त्याचं ‘आपलं गाव’ म्हणत होते आणि जे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. येलमध्ये शिकून १८७४ साली तो परत आला, नगरला राहिला आणि १९२६ साली निवृत्त झाला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त भेटणारे ह्यूमसाहेब ते हेच. मिशनरी म्हणून ते नगरला आले, असं आपण म्हणतो. मला वाटतं, ते घरी परतले.

सगळ्यांच्या नशिबी असं परतणं नव्हतं. मिशनरी घरांतली मुलं शाळेच्या वयाची झाली की त्यांना मायदेशी पाठवायची, हा रिवाजच होता. १८६९ साली सुएझचा कालवा खुला होण्याआधी हा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने चालायचा. मागे राहिलेल्या आईच्या हाती पत्रांशिवाय काही उरत नसे. तुर्कस्तानात नवरा गमावून परतलेल्या एलायझा वॉकर या विधवेनं बोस्टनजवळ ऑबर्नडेल इथे १८६८च्या सुमारास अशा मुलांसाठी घर उघडलं. या मुलांना वसतिगृहापेक्षा घर हवं असतं, हे तिनं ओळखलं होतं. पुढे १९०१ साली कोडाईकनालला शाळा निघाली आणि निदान मधला समुद्र तरी गेला.

तरी मुलांच्या मनातला प्रश्न संपला नाही. १९५०च्या दशकात जॉन आणि रूथ युसीम हे समाजशास्त्रज्ञ दांपत्य भारतात येऊन गेलं आणि परदेशात राहणाऱ्या अमेरिकनांच्या अभ्यासातून ‘तिसरी संस्कृती’ हा शब्द पुढे आला. आईबापांची एक, भोवतालची दुसरी आणि या दोन्हींच्या सांध्यावर जगणाऱ्यांची तिसरी. आमच्या कंपाउंडमधल्या जुन्या माणसांना हा शब्द ठाऊक नव्हता, पण बाबालोक, म्हणजे साहेबांची मुलं, इंग्रजीत प्रार्थना करतात आणि मराठीत भांडतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जस्टिन ॲबट असाच एक. वडील मराठी मिशनमध्ये, लहानपण या मुलखात. मोठेपणी तो इथेच मिशनरी म्हणून आला. निवृत्त होऊन अमेरिकेत गेल्यावर म्हातारपणी त्यानं काय करावं? एकनाथ, तुकाराम आणि महिपतींचा ‘भक्तविजय’ इंग्रजीत आणायचं काम हाती घेतलं आणि १९३२ साली मरेपर्यंत सोडलं नाही. ज्या भाषेनं लहानपणी जवळ घेतलं, तिचं ऋण त्यानं असं फेडलं.

या परकेपणाचा दोष एकट्या मिशनवाल्यांचा नव्हता. कंपाउंडची भिंत त्यांनी बांधली हे खरं, पण ‘साहेब’ आणि ‘मडमसाहेब’ म्हणत पुढच्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवणारे आपणच होतो. नारायण वामन टिळकांना ही भिंत इतकी सलली की १९१७ साली मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला.

आज बंगले ओस आहेत, मिशनरी मात्र आहेत. तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी १९०३ची, सेरामपूरला स्थापन झालेली नॅशनल मिशनरी सोसायटी १९०५ची. तेव्हापासून आपल्याच देशातली कुटुंबं परक्या भाषेच्या मुलखात जात आली आहेत. त्यांच्या मुलांसाठी तमिळनाडूत दोहनावूरला संतोष विद्यालयासारखी निवासी शाळा आहे. म्हणजे मुलांना शाळेसाठी दूर धाडतानाची ती ताटातूट आजही चालू आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत दक्षिणेतलं असंच एक कुटुंब आलं. दर रविवारी उपासना संपली की आम्ही त्यांना सलाम करायचो आणि विचारायचो, “काम कसं चाललंय?” दोन वर्षं झाली तरी त्या बाईंचं नाव आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. त्या ‘मिशनरीबाई’ होत्या. मग एका मे महिन्यात आमच्या मंडळीतल्या एक मावशी भाकरीचं पीठ द्यायला म्हणून त्यांच्या घरी गेल्या. स्वयंपाकघरात पत्र्याची ट्रंक उघडी पडली होती. बाई खाली बसून नऊ वर्षांच्या मुलाच्या सदऱ्यांवर लाल दोऱ्यानं त्याचा नंबर शिवत होत्या आणि रडत होत्या. मावशी काही बोलल्या नाहीत. सुई मागितली आणि शेजारी बसून मोजे शिवायला घेतले. संध्याकाळपर्यंत ट्रंक भरली. तेव्हापासून तो मुलगा सुट्टीत आला की पिशवी टाकून आधी मावशींकडे धावायचा.

आम्ही बाकीच्यांनी दोन वर्षं फक्त कामाची चौकशी केली, याची मला आजही लाज वाटते.

तुमच्या मंडळीत असं एखादं कुटुंब असेल तर येत्या रविवारी कामाचा अहवाल मागू नका. त्या बाईंना नावानं हाक मारा, मुलं कुठे शिकतात ते विचारा, आणि नाताळच्या सुट्टीत ती घरी आली की सगळ्यांना तुमच्याकडे जेवायला बोलवा.